परतीच्या नळीवरचा बर्फ

मिस्त्रींना सगळे थर्मामीटर म्हणत. फ्रीज असो की एसी, ते यंत्राच्या मागे जात, नळीला दोन बोटं लावत, डोळे मिटत आणि निकाल सांगत. "गॅस कमी आहे." नाहीतर, "गॅस बरोबर आहे, जाळी तुंबलीय, धुऊन घ्या." गॅसचा दाब मोजायचा गेज त्यांनी आयुष्यात विकत घेतला नाही. "देवानं दहा गेज फुकट दिलेत," असं म्हणून ते हात पुढे करून दाखवत.

देव देताना हात आखडत नाही, हे खरंच. पण दिलेलं परत नेताना तो दारही वाजवत नाही. पाच-सहा महिने झाले, मिस्त्रींच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. चहाचा पेला किती गरम आहे ते आता ओठांना कळायचं, बोटांना नाही. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग तिच्या भावाला कुठून सांगणार?

हा भाऊ म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा. धंदा तोच, पण हत्यारं नवी. त्याच्या पिशवीत आकडे दाखवणारा गेज, नळीला लावायचा चिमटा, वजनकाटा, काय नाही ते.

"दवाखाना उघडलायस की काय?" मिस्त्री त्याला विचारायचे.

"तुमच्यासारखा अंगारा देत नाही, भाऊजी," तो म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी औषधाच्या दुकानातून फोन आला, तेव्हा मिस्त्रींनी मेहुण्याला बरोबर घेतलं. "कंबर धरलीय. सिलिंडर तू उचल," एवढंच म्हणाले. कंबरेला काही झालेलं नव्हतं.

दुकानातला काचेच्या दाराचा फ्रीज चारच दिवसांपूर्वी त्यांनी दुरुस्त केला होता. एका जोडातून गॅस गळत होता. मिस्त्रींनी जोड पक्का केला आणि नवीन गॅस भरला. भरताना नेहमीसारखी नळीला बोटं लावली. नळी गार लागेना. म्हणून आणखी थोडा सोडला. तरी लागेना. आणखी थोडा. शेवटी अंदाजानं बंद केला आणि दुसरं काम आहे म्हणत लगेच निघाले. एरवी अर्धा तास बसून नळी बघायची त्यांची सवय. त्या दिवशी बसवेना.

दुकान चालवणारी बाई चाळिशीची, बोलायला मोकळी. तिनं फ्रीजमधली इन्सुलिनची खोकी केव्हाच शेजारच्या दवाखान्यात हलवली होती. काउंटरमागच्या खुर्चीवर तिची आई बसली होती, हात मांडीवर घेऊन.

"काका, मागे बघा हो," बाई म्हणाली. "नळीवर बर्फ किती चढलाय! आणि आतून ठोकल्यासारखा आवाज येतो."

"बर्फ आहे म्हणजे थंडावा भरपूर आहे," मेहुणा हळूच म्हणाला. "गिऱ्हाइकाची तक्रार नसावी खरं तर."

"तू गप्प बस."

मिस्त्री वाकले. कॉम्प्रेसर खाली धडधडत होता. गार गॅस ज्या नळीनं त्याच्याकडे परत जातो, ती नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली होती. बर्फ थेट कॉम्प्रेसरच्या मानेपर्यंत पोचला होता. बोटं लावायची गरजच नव्हती, तरी त्यांनी लावली. बर्फावर बोटं टेकलेली दिसत होती. लागत मात्र काहीच नव्हतं.

"तरी मी आईला सांगत होते," बाई मागून म्हणाली, "दार नीट लावत जा. परवा दुपारी उघडं राहिलं असणार. दमट हवा आत गेली, धरला बर्फ. आता काउंटरवर बसायचंच नाही, असं ठरवलंय आम्ही. घरी आराम करायचा."

"राहिलं असेल बाई," म्हातारी म्हणाली. "मला आठवत नाही. पण तू म्हणतेस तर राहिलं असेल."

आयतं दार समोर उघडलं होतं; मिस्त्रींनी नुसती मान हलवायची होती. होय, दारामुळेच झालं. मग गॅस काढून घ्यायचा, बर्फ वितळवायचा आणि चहा पिऊन बाहेर पडायचं. थर्मामीटर शाबूत. उद्यापासून म्हातारी घरात भिंतीकडे बघत बसली असती, एवढंच.

मेहुण्यानं गेज जोडला, आकडा बघितला आणि भाऊजींकडे बघितलं. बोलला असता तर सोपं गेलं असतं.

मिस्त्री उठून उभे राहिले. "दार उघडं राहिलं, तर बर्फ आत धरतो," ते बाईला म्हणाले. "इथं बाहेर, नळीवर, इतका खालपर्यंत नाही येत. गॅस जास्त झालाय. आत उकळून संपत नाही, तसाच पातळ परत येतो आणि कॉम्प्रेसरला ठोकतो. तो आवाज त्याचा." ते म्हातारीकडे वळले. "आजी, तुमचा काही संबंध नाही. गॅस मी भरला. बोटांना कळत नाही मला आता. गार नाही, गरम नाही. कळत नव्हतं, म्हणून भरत गेलो."

मेहुण्यानं आधी ठोकणारा कॉम्प्रेसर बंद केला.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"झाले पाच-सहा महिने."

"आणि ताईला कंबर सांगितलीत?"

"कंबर तुला सांगितली. तिला काहीच नाही सांगितलं."

"धन्य आहात," मेहुणा म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

बर्फ वितळून खाली ओल झाली, तेव्हा यंत्र पुन्हा चालू केलं. मेहुणा जादा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये थोडा थोडा काढू लागला. गेजवर त्याची नजर होती आणि नळीवर मिस्त्रींची. घाई करू दिली नाही त्यांनी. "थांब. दहा मिनिटं दे त्याला." बर्फ कुठपर्यंत येतो, दंव कुठं धरतं, कुठं नुसतं पाणी सुटतं, हे तीस वर्षांच्या डोळ्यांना कळत होतं. तिसऱ्या खेपेला मेहुण्याचा आकडा आणि मिस्त्रींची नजर एका ठिकाणी आली. कॉम्प्रेसरकडची नळी ओली राहिली, पांढरी झाली नाही. आवाजही साफ आला.

"वाचला," मेहुणा म्हणाला. "आणखी दोन दिवस गेले असते तर कॉम्प्रेसरच बदलावा लागला असता."

बाईनं आईला पाणी दिलं. खोकी परत आली तेव्हा तिनं ती आईच्या हातात दिली आणि म्हातारीनं एकेक मोजून फ्रीजमध्ये लावली. मग बाईनं काउंटरवरून साखर तपासायचं यंत्र उचललं.

"काका, बसा इथं. बोट द्या."

"मला कुठली साखर?"

"साखर वाढली की बोटं अशीच बधिर होतात. बोट द्या म्हटलं ना."

मिस्त्रींनी हात दिला आणि लहान मुलासारखं तोंड फिरवलं. सुईची भीती त्यांना पहिल्यापासूनच. मेहुण्याला हसू येत होतं. मिस्त्री रस्त्यावरची माणसं बघत राहिले. बऱ्याच वेळानं वैतागून म्हणाले, "अहो, टोचा ना एकदाची."

"टोचून झालं, काका," बाई म्हणाली.

मिस्त्रींनी बघितलं. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब उभा होता. मेहुण्याचं हसू मावळलं. त्यानं सिलिंडर खाली ठेवला, खिशातून फोन काढला आणि बहिणीला लावला.