टीच्या पुढची अट

तैवानमधल्या ताइनान शहरात बाबांची आणि माझी मिळून छोटीशी कंपनी आहे. जनावरांच्या दवाखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. त्यातला ‘रांग’ हा जेनेरिक क्लास, म्हणजे कशाचीही रांग लावू शकणारा कोडचा साचा, बाबांचा फार लाडका. रांगेत जे उभं राहणार त्याच्या प्रकाराच्या जागी त्यांनी नुसतं ‘टी’ अक्षर लिहिलं होतं. टी म्हणजे काहीही. कुणालाच मनाई नाही. घरीही त्यांचं तसंच. जेवणाच्या वेळी दाराशी आलेल्याला ते ‘नंतर या’ असं कधी म्हणत नाहीत.

डॉक्टर खांग या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. औषधांची पार्सलं क्रमाने दिसावीत, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी पार्सलांसाठीही तीच रांग वापरली. चालवण्याआधी कोड तपासणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नाही. पण रांग प्रत्येकाला आत आल्यावर विचारते, तू याच्या आधी की नंतर? आजारी जनावराच्या नोंदीला उत्तर ठाऊक होतं, पार्सलाला नव्हतं. पहिलं पार्सल एकटंच होतं म्हणून निभावलं. शनिवारी सकाळी दुसरं आलं आणि दवाखान्यातला अख्खा प्रोग्राम बंद पडला.

मी ऑफिसात पार्सलांची रांग काढून टाकेपर्यंत बाबा स्कूटरवरून तिकडे पोचले होते. दारात उभं राहून त्यांनी एकेका मालकाची विचारपूस केली आणि धापा टाकणारा एक ससा सगळ्यांच्या आधी आत पाठवला. ससा वाचला. बाबा परतले ते हातावर मांजराचे ओरखडे घेऊन.

मी त्यांच्या हाताला मलम लावता लावता म्हटलं, “बाबा, टीला अट घालूया. ज्याला आधी-नंतर सांगता येतं, तोच प्रकार आत.”

“म्हणजे दारातूनच हाकलायचं?”

“आज काय झालं मग? पार्सलाला हसत आत घेतलं आणि सगळ्यांचीच पंचाईत केली. नाही म्हणायचं तर दारात म्हणावं.”

“अगदी आईवर गेलीस,” ते म्हणाले आणि चहा ओतायला उठले. कप माझ्यापुढे ठेवताना, हात दुखतोय, तूच लिही, असं म्हणाले. ओरबाडला होता डावा हात आणि ते टाइप करतात उजव्या हाताच्या एका बोटाने, तरी मी कीबोर्ड पुढे ओढला.

टीच्या पुढे अट लिहिली. मग पार्सलांचा काढलेला कोड परत आणून पाहिला, तर कंपायलरने लगेच त्या ओळीखाली लाल रेघ ओढली. प्रोग्राम सुरूसुद्धा झाला नव्हता. पार्सलांचं वेगळं काहीतरी करू, असं मी म्हणत होते, पण बाबा खुर्ची ओढून जवळ आले.

“त्या बिचाऱ्याचा काय दोष, इचुन? त्याला उत्तर कुणी शिकवलंच नाही.”

आणि त्यांनी शिकवलं. ज्याचं जनावर जास्त आजारी, त्याचं पार्सल आधी. लाल रेघ गेली. हे मला सुचलंच नव्हतं. मी आपली पार्सलांना बाहेर ठेवायच्या विचारात होते.

सोमवारी डॉक्टर खांगबाईंचा फोन आला. औषधं आता नेमकी ज्याला घाई त्याला आधी मिळताहेत, कुणाची कल्पना, असं त्या विचारत होत्या. बाबा म्हणाले, मुलीची. मी पलीकडून ओरडून सांगितलं, बाबांची. तुमचं ठरलं की कळवा, असं म्हणून बाईंनी हसत फोन ठेवला, आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर माशाची पेज खायला गेलो.