बसून प्यायचा चहा

मैना गेली हे दिनानाथला डोलवीच्या कारखान्यात कळलं, चहाच्या सुट्टीत. शिफ्टमध्ये फोन जवळ ठेवता येत नसे, म्हणून शेजारच्या रंभाने ठेकेदाराच्या ऑफिसात फोन केला आणि त्याच्याच टोळीतला अस्लम निरोप घेऊन आला.

"दिनानाथ, घरी जा. वहिनी गेल्या. पापड वाळत घालताना बसल्या, त्या उठल्याच नाहीत."

दिनानाथच्या हातात अर्धा ग्लास चहा होता. तो त्याने संपवला. ग्लास विसळून पालथा ठेवला आणि मग निघाला. आपण तो चहा का संपवला हे त्याला अजून कळलेलं नाही.

रोह्याजवळ वरसे गावातल्या घरात मैनाने तीस वर्षं चहा केला, पण बसून कधी प्याली नाही. सगळ्यांचे कप भरून पातेल्यात उरेल तो, ओट्याशी उभ्याने, निम्मा गार झालेला. तिच्या बहिणीची मुलगी सरू मुंबईत समुद्रासमोरच्या मोठ्या हॉटेलात वाढायचं काम करी. सुट्टीला आली की ती तिथल्या दुपारच्या चहाचं सांगायची. इंग्रज साहेबाच्या वेळची पद्धत. तीन मजली ताटली, खाली काकडीचे सँडविच, मधे लोणी-जॅम लावून खायचे स्कोन, वर केक. चहाची किटली वेगळी, दूध वेगळं.

"दोन दोन तास बसतात, मावशी."

"आणि मग भांडी?"

"ती आमी उचलतो."

मैना नवऱ्याला म्हणाली, "अवो, एकदा जाऊया का? मला काय खायाचं नाय. नुसतं बसायचं हाय."

"काकडी खायला मुंबईला? परसात लागलीय ती खा गो," दिनानाथ म्हणाला. सरू हसली, मैनाही हसली. पुढे तिने दोनदा विचारलं. एकदा तो म्हणाला गणपती होऊ दे, एकदा म्हणाला शिमगा होऊ दे.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. मैनाचा भाऊ महिपती पुढे झाला.

"दाजी, ताईचं काय राह्यलं असंल तर बोला."

"घराला लादी बसवीन," दिनानाथ हात जोडून म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

"दर साल माहेरच्या देवीला खण-नारळ देईन."

एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून परत फांदीवर गेला. मागून गावातला काळुराम म्हणाला, "बाई साधी होती, पण मागणं मोठं दिसतंय." दोघे-तिघे हसले.

दिनानाथच्या ओठांवर आलं होतं. पण चाळीस माणसं उभी होती. बायकोला हॉटेलात चहाला नेतो, असं नदीवर कसं बोलायचं? त्याने जोडलेले हात खाली घेतले. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं अंघोळीला पाण्यात उतरली.

चार महिन्यांनी त्याने सरूला फोन केला. तिने दोघांचं टेबल धरलं. तो धुतलेला शर्ट घालून एसटीने गेला. हॉटेलच्या दारवानाने सलाम केला तेव्हा त्यानेही उलट सलाम केला.

खिडकीजवळच्या टेबलावर दोन कप मांडले होते. सरू कामाच्या कपड्यांत आली, लोकांसमोर त्याला सर म्हणाली, आणि वाकून हळूच विचारलं, "काका, दूध?"

"तिच्यात जास्त घाल. तिला दुधाळ लागतो."

सरूने समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचा कप भरला. दिनानाथ त्या कपाकडे बघत बसला. त्यावर साय धरली. त्याने स्वतःचा चहा घेतला नाही. एक स्कोन तेवढा रुमालात बांधला आणि रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्याशी गेला.

"मैना, बसवलं गो तुला," तो म्हणाला आणि रुमाल सोडला. स्कोन कठड्यावर ठेवतो न ठेवतो तोच कावळ्याने उचलला.

दिनानाथचे डोळे भरून आले. शेजारी चणे विकणारा माणूस हसला. "संभालो चाचा, इथले कावळे हातातलं नेतात. सकाळी माझी चपाती नेली."

दिनानाथने वर पाहिलं. कठड्यावर ओळीने कावळे बसले होते. ते कुणाचंही खाणार होते.

संध्याकाळच्या गाडीने तो रोह्याला परतला. सरूने विचारलं तेव्हा फोनवर छान झालं म्हणाला. पण महिपतीने विचारलं होतं ते नदीवर, चाळीस माणसांसमोर. त्याचं उत्तर तिथे द्यायचं अजून राहिलं आहे.