उभी राहून दमलेली गाडी

मित्रांनो, फाटकाआड दिसते ना, ती पांढरी मोटार मीच. जुनी, परदेशी आणि फार दमलेली. तुम्हाला वाटेल, खूप धावली असेल. नाही रे बाळांनो, मी उभी राहून राहून दमले.

माझा जन्म दूरच्या देशातल्या कारखान्यात झाला. आमचे घराणे ऐटदार, पण त्यात मी सर्वांत धाकटी आणि स्वस्त. तिकडे माझ्यासारख्या गाड्या रोज कचेरीत जातात, भाजी आणतात, चिखलात माखतात. मी मात्र जहाजातून इकडे उतरले आणि एकदम महाराणी झाले.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी मला घेतले. भिंगे पुसायच्या मऊ फडक्याने ते मला रोज पुसत. गल्ली बघायला लोटली की म्हणत, "नुसतं बघा, हात नको!" सुरुवातीला मला फार बरे वाटले. पण मालक दुकानात जायचे ते स्कूटरवरूनच. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, हौसेने गाडी चालवायचा परवाना काढला, तरी किल्ली काही मिळाली नाही. "ओरखडा पडला तर?" एवढेच उत्तर.

वर्षे गेली. माझी बॅटरी बसली, टायरांना भेगा पडल्या, उंदरांनी वायरी कुरतडल्या. मालकांचेही गुडघे गेले. शेवटी काकूंनी मेकॅनिकला बोलावले.

"काका, ही उभ्या उभ्या सडतेय," तो म्हणाला. "रोज चालवा, नाहीतर भंगारात द्या."

काकूंनी मालकांपुढे हात केला.

"किल्ली द्या."

"अगं, पण फाटकातून काढताना..."

"इतकी वर्षं उंदीर फिरले हिच्यात. आता मी फिरते."

दुरुस्ती झाली. निघताना मी फाटकाच्या खांबाला घासलेच. चांगला हातभर ओरखडा! शेजारी बसलेल्या मालकांनी डोळे घट्ट मिटले.

"झालं एकदाचं! गेली ना भीती?" काकू म्हणाल्या. "आता सांगा, कुठून जाऊ?"

मालकांनी हळूच डोळे उघडले. "लांबच्या रस्त्याने घे."

आता मी रोज बाहेर पडते. चढावर धाप लागते, सांधे करकरतात. फार वर्षे उरली नाहीत, हे मला कळते. पण हे दमणे मला आवडते. मित्रांनो, लाडक्या वस्तू जरूर पुसा, जपा. पण त्यांना त्यांचे काम करू द्या. खराब होईल म्हणून तुम्ही काही कपाटात ठेवून दिले असेल, तर आजच बाहेर काढा. ते वाट बघत असेल.