परत टाकलेली चिठ्ठी

समितीने आज होकार दिला तर प्रयोगप्रमुख बाईंच्या पदरात बरंच पडणार होतं: जंगलातल्या प्रयोगाला आणखी दहा वर्षं, दोन नवे मदतनीस, आणि दिवंगत वडिलांनी मांडलेला डाव आपण मोडला नाही याचं समाधान. म्हणून सकाळपासून त्या स्वतःच खुंट्यांना ताजा रंग देत होत्या. लाल खुंट्यांच्या पट्ट्यात दरवर्षी नत्राचं खत पडायचं, शहराच्या धुरातून नत्र जंगलावर उतरतो तसं; त्याने झाडांचं काय होतं ते बघायला. पांढऱ्या खुंट्यांच्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. कुठल्या पट्ट्याच्या वाट्याला काय, हे वडिलांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. माणसाची आवडनिवड मध्ये यायला नको. बाईंची सगळी भिस्त या एका गोष्टीवर होती.

आईला आणायची कल्पनाही त्यांचीच. संस्थापकांची पत्नी समोर असली की समितीचे अध्यक्षही जरा नरमतात.

अध्यक्ष फळ्यांच्या वाटेवरून पुढे गेले. आई पांढऱ्या पट्ट्यातल्या एका डेरेदार झाडापाशी थांबली आणि काठी टेकून हसली.

"याच्याखाली तुझ्या बाबांनी मला लग्नाचं विचारलं. आधी अर्धा तास नुसते मातीबद्दल बोलले."

"माहितेय, आई. चल."

"पुढचं कुठे माहितेय तुला? चिठ्ठ्या माझ्याच ओंजळीत होत्या. खताची पहिलीच चिठ्ठी या पट्ट्याची निघाली. मी तोंड पाडलं. तर म्हणाले, 'बरं बाई, ही परत टाकतो.' मग ती शेजारची निघाली. एवढा शिस्तीचा माणूस, पण माझ्यासाठी!"

बाईंच्या हातातला डबा कलला. रंग बुटावर सांडला, तो त्यांनी पुसला नाही. त्या शेजारच्या लाल पट्ट्याकडे बघत राहिल्या. तिथलं तसलंच झाड शेंड्यापासून वाळत आलं होतं. बाईंच्या प्रत्येक व्याख्यानात त्याचा फोटो असायचा.

"काय गं, काही चुकीचं बोलले?"

"नाही."

"मग अशी पांढरीफटक का पडलीस?"

अध्यक्षांनी पुढून हाक मारली, "मायलेकींचं काय खुसुरफुसुर चाललंय? आम्हालाही कळू द्या!"

'काही नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. बाईंनी डबा खाली ठेवला, आईचा हात धरला आणि तिला जपून फळ्यांवरून पुढे नेलं.

"आई, यांनाही सांग. चिठ्ठ्यांची गोष्ट. सगळी."

आईने सांगितली, मघापेक्षा रंगवून. 'तोंड पाडलं'पर्यंत अध्यक्ष मनापासून हसत होते.

"म्हणजे... परत काढली?"

"हो ना!" आई म्हणाली.

अध्यक्षांनी लाल पट्ट्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि सही न करताच पेनाला टोपण लावलं.

परतताना आई खुशीत होती.

"ह्यांची आठवण निघाली की बरं वाटतं बघ. तुझं काम झालं ना गं?"

"झालं."

वडिलांना आईचं हसू मिळालं, आईला जन्मभराची गोष्ट, डेरेदार झाडाला आयुष्य. त्याचे हप्ते शेजारचं झाड इतकी वर्षं मुकाट भरत होतं. उरलेलं लेकीने आज चुकतं केलं. आईला पावती तेवढी दाखवली नाही.