डावी बाजू वर

तोकुजीची पाठ कामातून गेली होती, पण रानफुलांचे फोटो काढायचा नाद काही सुटला नव्हता. जमिनीलगतचं फूल टिपायला पोटावर पडायचं, आणि मग उठवायला बायकोला, मित्सुएला, हाका मारायच्या. म्हणून त्याने एक जुनं काटकोनी नळकांडं आणलं. ते कॅमेऱ्याच्या मागे लावलं की कॅमेरा जमिनीवर ठेवून वरून खाली बघता येई. त्यात डावं-उजवं उलटं दिसे. पण फुलांना कुठलं आलंय डावं-उजवं! तो ते विसरूनही गेला.

त्या हिवाळ्यात आईला झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. अंत्यविधीला ठेवायचा फोटो धडधाकट असतानाच काढून घ्यावा, असं ती कितीदा म्हणाली होती, आणि हा पठ्ठ्या "बघू, बघू" करत राहिला. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा कुठे जागा झाला.

आईला जमिनीवरच्या गादीवरच उशांना टेकवलं. मित्सुएने तिला राखाडी किमोनो नेसवला. आईने जन्मभर गावातल्या नवऱ्या सजवल्या होत्या आणि सुनेच्या नेसण्याला जन्मभर नावं ठेवली होती, त्यामुळे मित्सुएने छातीवर एकमेकींवर येणाऱ्या गळ्याच्या दोन बाजू पुन्हा पुन्हा सारख्या केल्या. तोकुजीने कॅमेरा चटईवर ठेवला, नळकांड्याला डोळा लावला आणि ओरडलाच.

"अगं, उजवी बाजू वर आलीय! जित्या माणसाला मढ्यासारखं नेसवतेस?"

"नाही हो, डावीच वर घेतलीय. नेहमीसारखी."

"तुझं नेहमीचं आईला विचार! मला दिसतंय ना इथे."

मित्सुए गोंधळली. सासूने इतकी वर्षं चुका काढल्यावर स्वतःच्या हातांवर विश्वास कुठून उरणार? तिने मुकाट्याने गळा सोडला आणि उलटा घेतला.

आईचा डावा हात गळ्याशी आला. ती कापड ओढू लागली, घशातून नुसती घरघर.

"आई, हात खाली घे बरं. आता कशी छान दिसतेस."

हात पुन्हा वर आला. मित्सुएने तो धरून ठेवला आणि तोकुजीने बटण दाबलं. आईचे डोळे भरून आले. फोटो निघाल्याचं समाधान असेल, असं त्याला वाटलं. तो धडपडत उठेपर्यंत मित्सुएने तिला झोपवून पांघरूण घातलं होतं.

आठवड्याने आई गेली. त्याच दिवशी त्याने फोटो छापला. फोटोत आई जिवंत होती, आणि नेसली होती मेलेल्या माणसासारखी. ती सांगत होती, जीव तोडून सांगत होती.

त्याने फिल्म उलटी घालून पुन्हा छापलं. गळा बरोबर आला, पण आईच्या गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर गेला.

"या आपल्या आई नाहीत हो," मित्सुए म्हणाली.

दुसरा बरा फोटो घरात नव्हता. पहिलाच चौकटीत गेला.

धाकटी मावशी आली, हात जोडून वर बघते तर गळा उलटा. "ताईला हे कुणी नेसवलं?"

"मीच, मावशी," मित्सुए म्हणाली. "चुकलं माझं."

"नाही मावशी, तिने बरोबर नेसवलं होतं! मलाच नळकांड्यातून उलटं दिसलं, मीच तिला..."

"पुरे कर. बायकोला पाठीशी घालायची ही वेळ आहे? ताई मला कायम सांगायची, सुनेला साधा गळा जमत नाही."

मित्सुए कपाळ चटईला टेकवून वाकली. तोकुजी सांगतच राहिला, आणि मावशी उदबत्ती लावायला वळली.