शेवंताबाईचा अंगठा

सावद्यात शेवंताबाईच्या अंगठ्याला मान होता. बाळंतिणीची कंबर असो नाहीतर नवरीचा अवघडलेला खांदा, कातडीखाली गाठ कुठे बसली आहे हे तिला डोळे मिटून कळे. आणि गाठ एकदा सापडली की ती विरघळवल्याशिवाय बाईला चैन पडत नसे. तीस वर्षं तिने याच हातांवर घर चालवलं होतं.

सत्याऐंशीच्या वैशाखात शालिग्रामभाऊंच्या कोकिळेचं लग्न निघालं. लग्नाआधी पाच दिवस नवरीला तेल-हळद चोळायची, तिथे शेवंताबाईशिवाय पान हलत नसे. कोकिळेच्या डाव्या गालावर लहानपणच्या गळवाचा खड्डा होता. मुलगा पाहायला आला तेव्हा तिच्या आईने, मंदाबाईने, लेकीला खिडकीशी अशी काही बसवली की पाहुण्यांना उजवाच गाल दिसला. पसंती झाली. पण मांडवात काही मुलगी एकाच बाजूने दाखवता येत नाही. म्हणून साड्यांच्या खरेदीचं निमित्त काढून मायलेकी एसटीने धुळ्याला गेल्या. तिथे सुरतेहून महिन्यातून एकदा एक डॉक्टर येई आणि भाड्याच्या खोलीत सुईने औषध भरून असले खड्डे बुजवून देई. तीन आठवडे गाल चोळायचा नाही, शेकायचा नाही, असं त्याने बजावलं होतं. लग्न नवव्या दिवसावर आलेलं. नवरीला चोळू दिलं नाही तर घरात जमलेल्या बायका कारण विचारणार, म्हणून मंदाबाई गप्प बसली. शेवंताबाईला हे सगळं कळलं ते फार उशिरा.

पहिल्याच सकाळी कोमट तेलाचा हात गालावरून फिरला आणि अंगठा थबकला. आत हरभऱ्याएवढं काहीतरी होतं, वरची कातडी गरम लागत होती. हे काय म्हणून तिने विचारलं. कोकिळेने मान खाली घातली. मागून मंदाबाई म्हणाली, "काही नाही व, डास चावेल हाये."

डास चावून अशी गाठ येत नाही, हे शेवंताबाईला पक्कं ठाऊक होतं. पण ओसरीवर दहा-बारा बायका बघत होत्या, आणि अंगठा म्हणजे तिचा सगळा दिमाख. तिने तेल आणखी तापवलं आणि गाठ दाबून दाबून चोळली. कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पोरगी हूं की चूं करेना. दुसऱ्या दिवशी गाठ हाताला लागली नाही, तेव्हा बाई मनातून सुखावली. गाठ विरघळली नव्हती, पसरली होती.

चौथ्या दिवशी डोळ्यापासून हनुवटीपर्यंत गाल सुजून लाल झाला आणि अंगात ताप भरला. धुळ्याच्या खोलीला कुलूप होतं. शेवटी जळगावच्या एका दवाखान्यात गाल चिरावा लागला. नवऱ्याकडच्यांनी नकाराचा निरोप धाडला, मांडव उतरला.

शेवंताबाईच्या हातातच आग आहे, तिनेच माझ्या पोरीचं तोंड नासवलं, असं मंदाबाई दारोदार सांगत सुटली. शेवंताबाई चवताळून जळगावला गेली. गालातून भरलेलं औषध निघालं, असं नर्सने सांगितलं तेव्हा कुठे तिला सुईचं कळलं. तिला संताप आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता गावात जाऊन चारचौघांत हे बोलायचं, असं ठरवून ती उठली, तोच कोकिळेने तिचा हात धरला. पोरीच्या अर्ध्या तोंडाला पट्टी होती.

"मावशी, सुईचं सांगू नको कोणाले. जखमेच्या पोरीले कोणी तरी बायको करीन. फसवणारीले कोण करीन?"

शेवंताबाईला त्या सकाळचं पोरीच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं. मंदाबाई खोटं बोलली होती, पण ते खोटं न पटताही आपला अंगठा थांबला नव्हता. त्याची तिला लाज वाटली. ती घरी आली आणि गप्प राहिली.

बोलावणी हळूहळू बंद झाली. आधी नवऱ्या गेल्या, मग बाळंतिणी. दोन वर्षांनी कोकिळेचं शिंदखेड्याच्या एका बिजवराशी लग्न लागलं. तिची हळद दुसऱ्याच बाईने चोळली.

त्याच पावसाळ्यात शेवंताबाईला नातू झाला. न्हाणीत पाट मांडून, तेल कोमट करून, पाय पसरून ती वाट पाहत बसली. कितीतरी दिवसांनी तिचे हात शिवशिवत होते. सून बाळाला घेऊन दाराशी आली आणि तिथेच घुटमळली.

"आत्याबाई, रागावू नका. त्याले मीच तेल लावीन."

खरं काय ते शेवंताबाईच्या जिभेवर आलं होतं. पण कोकिळा आता नांदत होती. शेवंताबाईने पाय जवळ घेतले, तेलाची वाटी सुनेकडे सरकवली. गालाला फार दाबू नको, एवढं तिने सांगितलं आणि पदराला अंगठा पुसला.