डावा की उजवा

हातातला रुमाल गायब करायची हौस त्याला शाळेत असताना लागली, ती सुटलीच नाही. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि रविवारी सकाळी जादू क्लब गाठायचा, असं सगळं आयुष्य गेलं. क्लब म्हणजे वाचनालयाच्या वरची एक खोली, घडीच्या खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. तिथे त्याला सगळे ‘रुमाल’ म्हणत.

क्लबची एक रीत होती. सभासद वारला की त्याचा गाजलेला प्रयोग दुसऱ्या कुणीतरी एकदा करून दाखवायचा आणि मग त्याचं सामान कपाटात कुलूपबंद करायचं. कुणालाच जमला नाही, तर तो प्रयोग माणसाबरोबर गेला असं समजायचं.

रुमालची बायको क्लबची मानद सभासद होती. तिला एकच जादू यायची, पण त्या एका जादूनं तिनं अख्ख्या क्लबला कोड्यात टाकलं होतं. रुमालनं टेबलावरचं नाणं कुठल्याही एका हातानं उचलून मूठ मिटायची. ती पाठ करून उभी असायची आणि तशीच पाठमोरी सांगायची, ‘‘डावा.’’ किंवा ‘‘उजवा.’’ कधी म्हणून चुकली नाही.

‘‘तूच इशारा देतोस लेका,’’ क्लबवाले म्हणायचे.

‘‘आईशप्पथ नाही,’’ तो म्हणायचा. घरी त्यानं काय काय करून पाहिलं होतं! डब्यांच्या झाकणांत दिसत असेल म्हणून झाकणं उलटी ठेवली. तिचे डोळे बांधले. एकदा श्वास रोखून धरला, तर ओट्याशी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, ‘‘डावा. आणि आता श्वास सोडा, उगाच चक्कर येऊन पडाल.’’

फारच खनपटीला बसला की म्हणायची, ‘‘गुपित विचारायचं नाही, हा तुमच्याच क्लबचा नियम ना?’’

आता ती नव्हती. अध्यक्षांनी पुढच्या रविवारी तिचा प्रयोग ठेवला आणि तो रुमालनंच करावा असं सुचवलं. तो हो म्हणाला. कसा करणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण तिच्याबरोबर सगळं गेलं, निदान एवढं तरी जाऊ नये, असं त्याला वाटलं.

लेक भेटायला आली तेव्हा त्यानं तिला टेबलाशी बसवलं आणि स्वतः ओट्याशी पाठ करून उभा राहिला. तिची आई जिथं उभी राहायची, अगदी तिथं. लेक नाणं उचलायची, तो अंदाज बांधायचा. जितके बरोबर, तितकेच चूक.

‘‘बाबा, आईनं मलाही कधी सांगितलं नाही,’’ लेक म्हणाली. ‘‘ते जाऊ दे. आधी ते घड्याळ घट्ट करून आणा. कोपरापर्यंत घसरतंय. किती वाळलाय तुम्ही!’’

स्टीलच्या पट्ट्याचं ते घड्याळ बायकोनंच दिलेलं. पहिल्या दिवसापासून सैल. बॅटरी बदलायला तीच घेऊन जायची. तो दर वेळी बजावायचा, कड्या काढून आण. ती आणायची ते तसंच. ‘‘दुकानदार म्हणतो, कड्या निघत नाहीत.’’

दुकानदारानं दोन कड्या चुटकीसरशी काढल्या.

‘‘निघतात की!’’ रुमाल म्हणाला.

‘‘न निघायला काय झालं? बाईंना मी दर वेळी विचारायचो. त्या म्हणायच्या, हात लावू नका, ह्यांना सैलच आवडतं.’’

‘‘मला?’’

‘‘असं त्या म्हणायच्या बुवा.’’

रुमालनं घड्याळ डाव्या मनगटात चढवलं. चांगलं बसलं. सवयीनं त्यानं खिशातलं नाणं काढून काचेच्या काउंटरवर ठेवलं आणि डाव्या हातानं उचललं. काहीतरी कमी वाटलं. पुन्हा उचललं. मग तो हळूच म्हणाला, ‘‘अहो, त्या कड्या परत लावा.’’

‘‘आत्ता तर काढल्या!’’

‘‘लावा हो.’’

कड्या लागल्या. त्यानं पाठ केली आणि दुकानदाराला म्हणाला, ‘‘आता हे तुम्ही डाव्या हातात घाला आणि नाणं उचला. कुठल्याही हातानं.’’

मागून बारीकसं ‘किण्’ ऐकू आलं. पट्टा मनगटावरून घसरला होता.

‘‘डावा,’’ रुमाल म्हणाला.

पुढच्या खेपेला काहीच वाजलं नाही. ‘‘उजवा.’’

स्वतःच्या घड्याळाचा आवाज कोण ऐकतो? त्यानं जन्मभर लोकांचे डोळे फसवले, म्हणून तो तिचे डोळेच बांधत बसला. आणि क्लबवाले खरंच बोलत होते. इशारा तोच देत होता. त्याला हसू आलं. हसता हसता काउंटरची कड धरावी लागली. दुकानदारानं स्टूल पुढे सरकवलं.

रविवारी खोली भरली. अध्यक्ष स्वतः नाणं उचलायला पुढे आले. रुमालनं त्यांचं मनगट पाहिलं. एवढ्या जाड मनगटावर पट्टा कसला घसरतोय!

‘‘तुम्ही नको,’’ तो घाईनं म्हणाला. ‘‘लोक म्हणतील, दोघांचं आधीच ठरलंय. काडी, तू ये.’’

काडी म्हणजे औषधांच्या दुकानातला हडकुळा विक्रेता. रुमालनं घड्याळ काढून त्याच्या डाव्या हातात घातलं. ‘‘सेकंद काट्याकडे बघत मन शांत कर. काटा बारावर आला की उचल. बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही.’’

सगळे सेकंद काट्याकडे बघायला लागले. रुमाल पाठ करून उभा राहिला.

‘‘डावा,’’ तो म्हणाला. मग ‘‘उजवा.’’ मग पुन्हा ‘‘उजवा.’’ काडीनं शेवटी बराच वेळ घेतला. ‘‘डावा.’’

टाळ्या थांबेनात. चष्मा पुसत अध्यक्ष म्हणाले, ‘‘म्हणजे तू खरंच इशारा देत नव्हतास!’’

रुमालनं काडीच्या मुठीतलं नाणं घेऊन अध्यक्षांना परत दिलं. अध्यक्षांनी कपाटाची किल्ली काढली. ‘‘आणा सामान.’’

‘‘सामान कसलं? नाणं तुमचंच आहे.’’

अध्यक्षांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि किल्ली परत खिशात टाकली. काडीनं घड्याळ उतरवून रुमालच्या हातात दिलं.

‘‘काका, पट्टा फार सैल आहे हो. कड्या काढून घ्या ना.’’

‘‘दुकानदार म्हणतो, निघत नाहीत,’’ रुमाल म्हणाला.